शंभर यार्डांच्या आत

(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत प्राथमिक शिक्षकांसमोर शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या परिषदेच्या विषयपत्रिकेत वाचनाचे पाठ, पटनोंदणी आणि शालेय पोषण आहाराचे हिशेब यांच्यानंतर ‘तंबाखूमुक्त शाळा’ हा विषय छापलेला आहे. शेवटचा विषय म्हणजे उठण्याच्या घाईचा विषय, हे मी इतक्या वर्षांच्या नोकरीत पाहिले आहे. शिवाय फाटकाशी फलक लावावा, त्याचे छायाचित्र काढून वर पाठवावे, की या विषयातले आपले काम संपले, अशीही एक समजूत होऊन बसली आहे. म्हणून अध्यक्षांच्या अनुमतीने हा विषय मी चहाच्या आधी घेत आहे. तो घेताना तंबाखूचे दुष्परिणाम या नावाचा निबंध आपणांस ऐकवावा असा माझा मुळीच विचार नाही. तो निबंध आपण सर्वांनी मुलांकडून पुष्कळदा लिहवून घेतला आहे आणि त्याला दहापैकी आठ गुणही दिले आहेत. मला बोलावयाचे आहे ते शासनाच्या कायद्याविषयी. आणि तो कायदा आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानात येऊन पोहोचतो तेव्हा त्याचे काय होते, याविषयी.

प्रथम हे ध्यानात घेतले पाहिजे की, पाठ्यपुस्तकातील चित्रांत तंबाखू म्हटली की जळती सिगारेट दाखविलेली असते. आपल्या राज्याची वस्तुस्थिती निराळी आहे. २०१६-१७ साली देशभर जी प्रौढांच्या तंबाखूसेवनाची पाहणी झाली, तीत महाराष्ट्रातील शेकडा २६.६ प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपाने तंबाखू सेवन करणारे आढळले. परंतु त्यांपैकी धूर ओढणारे शेकडा ३.८ च होते आणि तोंडात तंबाखू धरणारे शेकडा २४.४ होते. काहीजण दोन्ही करतात, म्हणून या दोन आकड्यांची बेरीज एकूण आकड्याहून थोडी अधिक भरते. गणित शिकविणाऱ्यांनी दचकू नये. सांगावयाचे इतकेच की, महाराष्ट्राची तंबाखू ही मुख्यतः तोंडातली तंबाखू आहे. आणि आपल्या दोन जिल्ह्यांत तिचे नाव खर्रा.

खर्रा म्हणजे काय, हे या सभेत सांगण्याची आवश्यकता नाही. तथापि बाहेरून बदलून आलेले काही नवे शिक्षक येथे बसले आहेत, त्यांच्याकरिता सांगतो. पानठेल्यावर सुपारीचे बारीक तुकडे, तंबाखू आणि चुना एकत्र करून ते प्लास्टिकच्या जाड कागदात घेऊन घोटतात. बहुधा त्यात डब्यातली सुगंधी तंबाखूही पडते. घोटून घोटून ते ओलसर आणि एकजीव झाले की पन्नीत बांधून गिऱ्हाइकाच्या हाती देतात. अलीकडे घोटण्याची यंत्रेही आली आहेत. हा पदार्थ कारखान्यात तयार होत नाही, गाडीतून येत नाही, गोदामात राहत नाही. तो गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत जन्म घेतो आणि अर्ध्या घटकेत त्याच्या गालात जाऊन बसतो.

त्याचा आपल्या समाजात केवढा मान आहे, हेही नव्या शिक्षकांनी समजून घ्यावे. पाहुणा आला की पाण्याच्या तांब्यापाठोपाठ खर्रा पुढे होतो. धानाच्या रोवणीत पुष्कळ ठिकाणी मजुरांना मजुरीशिवाय खर्राही द्यावा लागतो. सोयरीक जमविताना, लग्नाच्या मांडवात, मयताच्या बैठकीतसुद्धा तो फिरतो. दोन माणसांचे भांडण मिटले, याची खूण म्हणजे एकाच पन्नीतला खर्रा दोघांनी खाणे. स्त्रियाही यात मागे नाहीत. आणि छत्तीसगडच्या बाजूच्या गावांत गुडाखूने दात घासण्याची सवय आहे, ती वेगळीच. तेव्हा जो शिक्षक गावात जाऊन ‘खर्रा हे विष आहे’ असे एका दमात सांगतो, त्याला लोक नाही म्हणत नाहीत. नम्रपणे ऐकून घेतात आणि त्याला खर्रा देतात.

आता त्याच्या अपायाचे दोन शब्द. चुना उगाच घातलेला नसतो. चुन्याच्या क्षाराने तंबाखूतील निकोटिन मोकळे होते आणि गालाच्या आतल्या पातळ त्वचेतून ते रक्तात झपाट्याने शिरते. म्हणून खर्रा चटकन लागतो आणि सुटता सुटत नाही. दुसरे असे की, तंबाखू वाईट पण सुपारी निरुपद्रवी, ही समजूत निखालस चुकीची आहे. कर्करोगाविषयी संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने तंबाखूसह खाल्ल्या जाणाऱ्या विड्यास १९८५ मध्येच मनुष्यास कर्करोग करणाऱ्या पदार्थांत गणले होते. २००३ साली भरलेल्या तज्ज्ञांच्या बैठकीनंतर तिने नुसत्या सुपारीलाही त्याच यादीत घातले. सुपारीमुळे गालाचे आतले मांस हळूहळू चिवट आणि ताठ होते, पांढरट पट्टे उमटतात, तिखट लागले की आग होते, आणि शेवटी तोंड उघडेनासे होते. या अवस्थेतून पुढे काहींना तोंडाचा कर्करोग होतो.

याची एक साधी परीक्षा आहे. आपल्याच हाताची मधली तीन बोटे एकावर एक उभी धरून तोंडात जातात काय, ते पाहावे. निरोगी तोंडात ती सहज जातात. वरच्या वर्गातील मुलांकडून हे आरोग्याच्या तासाला हसतखेळत करवून घेता येईल. ज्याची बोटे जात नाहीत त्याला वर्गात काही एक बोलू नये. त्याच्या पालकाला एकट्याला गाठून प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे. शाळाभेटीच्या वेळी वर्ग तपासताना मी मुलांचे वाचन ऐकतो तसे त्यांचे दातही पाहतो. चौथी-पाचवीच्या मुलांच्या दातांवर तो तांबूस रंग दिसू लागला आहे, हे मी येथे स्पष्टपणे नमूद करून ठेवतो. बहुतेकांची सुरुवात रुपया-दोन रुपयांच्या गोड सुगंधी सुपारीने झालेली असते.

शासन स्वस्थ बसले होते, असे कोणी म्हणू नये. १९७५ साली सिगारेटच्या पाकिटावर वैधानिक इशारा छापण्याचा कायदा झाला. पण तो सिगारेटपुरताच होता. बिडीला आणि खाण्याच्या तंबाखूला त्याने हात लावला नाही. १९९२ मध्ये दंतमंजनात तंबाखू घालण्यास बंदी झाली. २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने मुरली देवरा यांच्या याचिकेवर सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानाविरुद्ध आदेश दिला, आणि २००३ मध्ये सिगारेट व इतर तंबाखू उत्पादने अधिनियम आला. आपणांस ज्याच्याशी काम पडते तो हाच कायदा. त्याच्या चौथ्या कलमाने सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान निषिद्ध झाले. पाचव्याने जाहिरातीला बंदी झाली. सहाव्याने अठरा वर्षांखालील व्यक्तीस तंबाखू विकणे आणि शिक्षणसंस्थेपासून शंभर यार्डांच्या आत ती विकणे, हे दोन्ही अपराध ठरले. सातव्याने वेष्टनावर इशाऱ्याचे बंधन आले. आज वेष्टनाच्या दोन्ही मुख्य बाजूंचा शेकडा ८५ भाग रोगाच्या चित्राने आणि इशाऱ्याने व्यापलेला असावा लागतो. हे प्रमाण १ एप्रिल २०१६ पासूनचे आहे. जागतिक आरोग्य संघटनेचा तंबाखूनियंत्रणाचा करारही २००३ चाच. भारताने २००४ मध्ये त्यास मान्यता दिली.

गुटख्याची हकीकत थोडी अधिक वळणाची आहे आणि ती सांगण्यासारखी आहे. महाराष्ट्राने २००२ साली गुटख्यावर बंदी घातली. उत्पादक न्यायालयात गेले, आणि २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, जुन्या अन्नभेसळ प्रतिबंधक कायद्याखाली राज्याच्या अधिकाऱ्यास अशी बंदी घालण्याचा अधिकार नाही. बंदी उठली. गुटखा पुन्हा दुकानांतून लोंबू लागला. पुढे २००६ चा अन्नसुरक्षा कायदा आला, आणि त्याखालील २०११ च्या विनियमांत एक छोटेसे वाक्य आले: कोणत्याही अन्नपदार्थात तंबाखू वा निकोटिन घटक म्हणून वापरता येणार नाही. या एका वाक्याच्या आधारे २०१२ च्या एप्रिलमध्ये मध्य प्रदेशाने आणि जुलैमध्ये महाराष्ट्राने गुटख्यावर पुन्हा बंदी घातली. आपल्या राज्यातील बंदी दरवर्षी नव्या आदेशाने पुढे चालविली जाते. आणि पुढील आदेशांत सुगंधी तंबाखू, सुगंधी सुपारी यांच्याबरोबर खर्रा हे आपल्याकडचे नावही घातले गेले आहे. मुंबईत बसून आदेश लिहिणाऱ्या कोणा अधिकाऱ्याला आपल्या पानठेल्याची आठवण झाली, याबद्दल मला त्याचे कौतुक वाटते.

मग खर्रा थांबला काय? नाही. याचे कारण लोकांचा हट्टीपणा एवढेच नव्हे. कायद्याची घडणच मुळी वेष्टनाभोवती झालेली आहे. वेष्टन असले तर त्यावर चित्र छापता येते, उत्पादकाचे नाव सापडते, कर बसविता येतो, गोदामावर छापा घालता येतो. खर्ऱ्याला वेष्टनच नाही. ठेलेवाला ज्या पुड्यातून तंबाखू काढतो, त्या पुड्यावर रोगट जबड्याचे चित्र असते; पण तो पुडा ठेल्याच्या फळीखाली राहतो आणि गिऱ्हाइकाच्या हाती येते ती पारदर्शक पन्नी. म्हणजे शेकडा ८५ भागावरचे ते चित्र पाहतो कोण, तर एकटा विकणारा! ती पन्नीदेखील नियमात बसत नाही. प्लास्टिकच्या पुडीतून गुटखा, तंबाखू वा पानमसाला विकण्यास सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने मार्च २०११ पासून मनाई झाली आणि २०१६ च्या प्लास्टिक कचरा नियमांत ती कायम आहे. सुगंधी तंबाखू पकडावी तर ठेलेवाला म्हणतो, ‘साधाच आहे जी.’ अन्न व औषध प्रशासनाचा निरीक्षक एटापल्लीच्या, भामरागडच्या आतल्या टोल्यांत, किंवा इकडे जिवतीच्या डोंगरावर, किती वेळा येऊ शकेल, याचा आपणच विचार करावा.

म्हणून आता मी त्या शंभर यार्डांकडे येतो. कारण माझ्या मते आपल्या रानातल्या गावांत सर्वांत अधिक बळ याच एका कलमात आहे, आणि आपण त्याकडे फलकापलीकडे पाहिलेले नाही.

शंभर यार्ड म्हणजे जुन्या हिशेबाने शंभर वार, म्हणजे ९१.४४ मीटर. नियम असे सांगतो की, हे अंतर शाळेच्या भिंतीच्या वा कुंपणाच्या बाहेरच्या कडेपासून चहूबाजूंनी सरळ रेषेत मोजावयाचे, रस्त्याच्या वळणावळणाने नव्हे. हा कायदा ज्यांनी केला त्यांच्या डोळ्यांसमोर शहर असावे. नागपुरात वा चंद्रपुरात शाळेपासून शंभर यार्ड म्हणजे पाचपंचवीस दुकाने. त्यांच्या पलीकडे पुन्हा दुकाने आहेतच. तेथे मुलाला चार पावले अधिक चालावे लागते, इतकाच फरक पडतो. पण आता आपल्या तीस-चाळीस घरांच्या टोल्याचे चित्र डोळ्यांसमोर आणा. शाळा एका बिंदूएवढी मानली तरी ९१.४४ मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ सुमारे २६,२६८ चौरस मीटर होते. म्हणजे सव्वादोन नव्हे, अडीच हेक्टरांहूनही थोडे अधिक, सुमारे साडेसहा एकर. शाळेच्या आवाराची लांबीरुंदी त्यात मिळविली की ते आणखी वाढते. ज्या टोल्याच्या मध्यावर शाळा आहे, तेथे साडेसहा एकरांत काय काय येते? विहीर येते, समाजमंदिर येते, अंगणवाडी येते आणि बहुतेक सारी घरे येतात. याचा अर्थ असा की, जो नियम शहरात दुकानाला फक्त थोडे सरकवितो, तोच नियम आपल्या टोल्यात जवळजवळ सबंध गाव व्यापतो. नव्या कायद्याची गरज नाही, ठरावाची वाट पाहण्याची गरज नाही. या टोल्यांत तंबाखूची विक्री २००३ च्या कायद्यानेच निषिद्ध आहे. ते कोणी मोजलेले नाही, इतकेच.

मोजावयाचे कोणी? टोल्यात पोलीस नाही, तलाठी आठवड्याने येतो, ग्रामसेवकाकडे तीन-चार गावे. रोज सकाळी येणारा शासनाचा माणूस एकच, तो म्हणजे शिक्षक. हा भार आपणांवर आणखी एक का, असा प्रश्न मला आपल्या चेहऱ्यांवर दिसतो आहे, आणि तो गैरवाजवी नाही. जनगणना आपण, मतदारयादी आपण, आता पानठेलेही आपणच! तथापि हे काम मी आपणांस लेखनिकाचे म्हणून सांगत नाही. पाचवी ते आठवीच्या भूमितीचा आणि परिसर अभ्यासाचा इतका सुंदर पाठ दुसरा मिळणार नाही. दहा मीटरांची सुतळी घ्यावी, तिला मीटरामीटराला गाठी माराव्या, मुलांच्या तुकड्या करून कुंपणाच्या चारी कोपऱ्यांपासून आणि प्रत्येक बाजूच्या मध्यापासून बाहेर मोजीत जावे. जेथे कुंपण नाही तेथे शाळेच्या नावे असलेल्या जागेची हद्द धरावी. मधे घर आले तर सरळ रेषा कशी न्यावयाची, हा प्रश्न मुले आपोआप सोडवितात. शेवटच्या खुणेवर चुन्याची पट्टी ओढावी. तोच चुना, पण जागा बदललेली! मग सबंध टोल्याचा नकाशा कागदावर उतरवून त्यात ही रेषा घालावी.

रेषा ओढल्यावर आत एखादे दुकान सापडणारच, आणि खरी कसोटी तेथेच लागते. ते दुकान बहुधा कोणा परक्याचे नसते. आपल्याच वर्गातील मुलीच्या आईचे असते. नवरा वारलेला असतो, दोन एकर धानावर भागत नाही, म्हणून तिने ठेला मांडलेला असतो. कलम सहाच्या भंगाला दंड आहे तो दोनशे रुपयांपर्यंत. दोनशे रुपयांकरिता त्या बाईशी वैर धरावे आणि वर्षभर ती मुलगी मान खाली घालून वर्गात बसावी, हे मला शिक्षकाचे काम वाटत नाही. दंड थोडा आहे याची काहींना खंत वाटते, मला वाटत नाही. या कलमाचे बळ दंडात नसून रेषेत आहे. शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष आणि गावातली दोन वडीलधारी माणसे बरोबर घेऊन जावे, नकाशा दाखवावा, आणि तंबाखू-सुपारी सोडून बाकी दुकान तसेच चालू ठेवण्यास सांगावे. मीठ, तेल, साबण, वह्या, चणे-फुटाणे यांना कायद्याची आडकाठी नाही. महिनाभर मुदत द्यावी. ग्रामसभेपुढे विषय न्यावा. अनुसूचित क्षेत्रातील गावांत ग्रामसभेच्या शब्दाला जे वजन आहे ते आपल्या पत्राला नाही. एवढे करूनही जो मुद्दाम शाळेच्या दाराशी सुगंधी माल मांडतो, त्याच्याविषयी मात्र पोलीस ठाण्यास आणि अन्न व औषध प्रशासनास लेखी कळवावे. तेथे संकोच करू नये.

याच ठिकाणी आपल्या जिल्ह्यांचा एक अनुभव आठवावा. गडचिरोलीत १९९३ साली दारूबंदी झाली, ती गावोगावच्या स्त्रियांच्या चळवळीतून झाली आणि आजही आहे. चंद्रपुरात ती २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठविली गेली. या दोहोंची तुलना करून कोणाला शहाणे ठरविण्याची ही सभा नव्हे; वाद मोठा आहे आणि त्याला पुष्कळ बाजू आहेत. परंतु बंदी ज्या गावात लोकांनी आपली मानली तेथे ती अधिक टिकली, एवढे दोन्ही जिल्ह्यांत हिंडलेला कोणीही सांगेल. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांची ‘सर्च’ संस्था १९८६ पासून गडचिरोलीत काम करीत आहे. तिने, शासनाने आणि टाटा ट्रस्टने मिळून २०१६ मध्ये ‘मुक्तिपथ’ हा दारू आणि तंबाखू या दोहोंविरुद्धचा जिल्हाव्यापी कार्यक्रम उभारला. त्यातही गावाची संघटना हाच पाया धरलेला आहे. ज्यांच्या गावात त्याचे कार्यकर्ते येतात, त्यांनी नकाशाच्या कामात त्यांना अवश्य सोबत घ्यावे.

विक्रीच्या जोडीने आणण्याचाही प्रश्न आहे. वडील ओट्यावर बसून लेकराला म्हणतात, ‘जा रे बापू, एक खर्रा घेऊन ये.’ मूल धावत जाते, ठेलेवाला देतो, उरलेले दोन रुपये मुलाला खाऊला मिळतात. यात कोणाला काही वावगे वाटत नाही. पण कायद्याच्या दृष्टीने त्या ठेलेवाल्याने अठरा वर्षांखालील व्यक्तीस तंबाखू विकली. ती कोणासाठी होती, हे तेथे सुटकेचे कारण होऊ शकत नाही. शाळा सुटल्यावर मुलालाच ठेल्यावर बसविले तर तेही नियमाविरुद्ध आहे. अठरा वर्षांखालील व्यक्तीने तंबाखू हाताळू वा विकू नये, असा नियम २०११ पासून आहे. आणि मुलाला स्वतः खाण्यासाठी तंबाखू देणे हा तर २०१५ च्या बालन्याय अधिनियमाच्या ७७ व्या कलमाखाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंडाचा अपराध आहे. पालकसभेत हे कलम धमकीच्या सुरात वाचून दाखवू नये. परंतु ते ठाऊक नसलेला बाप आणि ते ठाऊक असलेला बाप यांत फरक पडतो, असा माझा अनुभव आहे. ‘आपला खर्रा आपण आणावा’ एवढी एकच गोष्ट पालकसभेने मान्य केली, तरी मुलाचा ठेल्याशी रोजचा संबंध तुटतो.

आता ज्या मुद्द्याला सगळे टाळतात, त्याकडे. या सभागृहाच्या मागल्या खिडकीखालची भिंत कशाने रंगली आहे, हे आपण येताना पाहिले असेल. ती मुलांनी रंगविलेली नाही. आपल्या शिक्षकवर्गात खर्रा खाणारे थोडेथोडके नाहीत, आणि मुलांना ते शिक्षकाच्या बोलण्यावरून कळते. गालात खर्रा असला की ‘श’ आणि ‘स’ यांतला भेद राहत नाही, आणि भाषेचा पाठ तेथेच संपतो. एखाद्या वर्गात आरोग्याचा धडा चालू असताना मागच्या बाकावरचे पोर हळूच म्हणते, ‘गुर्जीच्या बी खिशात पन्नी हाये.’ त्या पोराला दटावून काय होणार? शाळेच्या आवारात कोणीही, मग तो शिक्षक असो, स्वयंपाकी असो की भेटीस आलेला अधिकारी असो, तंबाखू खाऊ नये, ही तंबाखूमुक्त शाळेची अट आहे. धूम्रपानाविषयी तर २००८ च्या नियमांनी शाळेच्या प्रमुखास आवारात दंड वसूल करण्याचा अधिकारच दिला आहे. खर्ऱ्याविषयी मी आपणांस दंडाची भाषा बोलत नाही. सवय लागलेल्या माणसाला ती सोडणे किती कठीण जाते, हे मी सहकाऱ्यांत जवळून पाहिले आहे; पहिले तीनचार दिवस माणूस चिडतो, डोके दुखते, काही सुचत नाही. निकोटिनचे पाश खरे आहेत, ते केवळ मनाचे दौर्बल्य नव्हे. म्हणून असे सुचवितो की, पहिली पायरी शाळेच्या वेळेची ठेवावी. पन्नी घरी ठेवून शाळेत यावे. सहा तास निभावले की सुटीचा दिवसही निभावतो. ज्यांना मदत हवी त्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्रात वा जिल्हा रुग्णालयातील समुपदेशकाकडे जावे. यात कमीपणा नाही.

एक आक्षेप आपल्याला गावात हमखास ऐकावा लागेल. लोक म्हणतील, ‘सरकार आमच्याकडून तेंदूपत्ता तोडवून घेते, त्याचा पैसा घेते, आणि आम्हांलाच तंबाखू खाऊ नका म्हणते.’ या आक्षेपाला हसून उडवू नये. मे महिन्याच्या उन्हात सबंध घर पहाटे तीनला उठून रानात जाते. सत्तर पानांचा एक पुडा, आणि असे हजार पुडे मिळून एक प्रमाण गोणी. पावसाळ्यापूर्वी हाती येणारा हा पैसा पुष्कळ घरांत खते-बियाण्यांचा आणि मुलांच्या कपड्यांचा असतो. १९६९ च्या राज्य कायद्याने या व्यापाराचे नियमन वनखात्याकडे गेले. पुढे पेसा आणि वनहक्क कायद्यांमुळे २०१३ पासून गडचिरोलीतील काही ग्रामसभांनी आपला पत्ता आपणच विकण्यास आरंभ केला आणि मग अशा ग्रामसभा वाढत गेल्या. पान स्वतः तंबाखू नव्हे. ते बिडीचे वेष्टन आहे. पण ती बिडी दूरच्या कोणा गरिबाच्या छातीत धूर भरते, हेही खरेच. मुलांनी विचारले तर दोन्ही गोष्टी सांगाव्या. कायद्याने प्रौढास बिडी विकण्यास वा पत्ता तोडण्यास मनाई केलेली नाही. त्याने वयाची, जागेची आणि जाहिरातीची मर्यादा घातली आहे. सगळे प्रश्न आपण वर्गात सोडवून दाखविले पाहिजेत, असे नाही.

मात्र या तेंदूपत्त्याचाच उपयोग करून एक हिशेब वर्गात अवश्य घालावा. समजा, एका माणसाला दिवसाला तीन खर्रे लागतात आणि एक खर्रा वीस रुपयांना मिळतो. दिवसाचे साठ, वर्षाचे एकवीस हजार नऊशे रुपये. आता यंदा गावात शंभर पुड्यांना जो दर मिळाला तो मुलांनी घरून विचारून आणावा, आणि वर्षभराच्या खर्ऱ्यासाठी किती पुडे बांधावे लागतील, किती पाने तोडावी लागतील, ते काढावे. शंभर पुड्यांची पाने सात हजार होतात, हे ध्यानात ठेवले की गुणाकार सोपा आहे. पुढचे मुलांवर सोपवावे. एक सावधगिरी सांगतो: ‘तुझे वडील किती खातात?’ असे कोणत्याही मुलाला वर्गात विचारू नये. उदाहरणातील माणूस ‘एक माणूस’ असाच राहू द्यावा. मुले घरी जाऊन त्याला नाव देतात.

चहा तयार आहे असा निरोप आला आहे, म्हणून कामाचे तेवढे सांगून थांबतो. प्रत्येक शाळेने पुढील परिषदेच्या आत मोजणी करून नकाशा तयार करावा. नकाशा मुलांच्या हातचा असावा, छापील नको. त्यावर शाळेची हद्द, शंभर यार्डांची रेषा, आत आलेली दुकाने आणि रेषेबाहेर राहिलेली घरे स्पष्ट दाखवावी. मोठ्या गावातील शाळांनी सगळे गाव काढण्याची आवश्यकता नाही. टोल्यांच्या शाळांनी मात्र एकही घर सोडू नये. सुतळीसाठी शाळा अनुदानातून खर्च टाकण्यास हरकत नाही. पुढच्या वेळी ते सर्व नकाशे या भिंतीवर लावून, कोणत्या टोल्यात रेषेबाहेर किती घरे उरतात, ते आपण एकत्र मोजू.